काहिलीचा वास बाटलीत: आठवणीतल्या गुऱ्हाळावरून सुगंध बांधण्याचं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या एका गावात वाढलेली आणि आता बेळगावात टिळकवाडीत राहून स्वतंत्रपणे काम करणारी एक परफ्युमर, म्हणजे सुगंध बांधणारी. ती कुठल्या कंपनीत नोकरीला नाही. घरातल्या एका खोलीत ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, कच्च्या मालाच्या बाटल्यांची मांडणी आणि एक छोटा फ्रिज, एवढाच तिचा संसार. लहानपणच्या आठवणींवरून तीन सुगंधांचा संच करायचं तिनं ठरवलं: गुऱ्हाळ, तंबाखूची वखार आणि कौलांवरचा पहिला पाऊस. गुऱ्हाळाच्या सुगंधाला तिनं ‘काहील’, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, असं नाव दिलं. तिघांत हाच सोपा जाईल असं तिला वाटत होतं, आणि नेमका हाच सगळ्यात जास्त अडला. इथं मुख्यतः त्याचीच हकीकत आहे, कारण आठवणीवरून सुगंध करणाऱ्या बहुतेकांचं घोडं याच जागी पेंड खातं.

पहिली बांधणी आणि ती का फसली

गूळ म्हटल्यावर परफ्युमरचा हात आपोआप इथाइल माल्टॉलकडे जातो. पांढरी, बारीक स्फटिकांची ही पूड माल्टॉलच्या चार ते सहा पट तीव्र असते, आणि विक्रेत्यांच्या यादीत तिच्यापुढे ‘कॅरमेल, भाजलेली साखर’ असं लिहिलेलं असतं. १०० ग्रॅम कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे अल्कोहोल घालण्याआधीच्या घट्ट मिश्रणात, ६ ग्रॅम इथाइल माल्टॉल, ५ ग्रॅम व्हॅनिलिन आणि फ्युरॅनिऑलच्या १० टक्के द्रावणाचे ४ ग्रॅम, अशी पहिली बांधणी झाली. खाली चंदनाच्या जातीचे कृत्रिम घटक आणि मस्क. शहरातल्या मैत्रिणींना ती आवडली. कुणी कॅरमेल म्हणालं, कुणी आइस्क्रीम.

मग त्याच बांधणीत बुडवलेली कागदी पट्टी गावाकडच्या गुऱ्हाळात नेली. गुळव्यानं हात पुसून ती नाकाशी धरली, पुन्हा धरली आणि म्हणाला, “हा साखरंचा वास हाय अक्का, गुळाचा न्हवं. मळी कुठं हाय ह्यात?”

मळी म्हणजे उकळत्या रसावर चढणारा फेसाळ मळ. पुढचं सगळं काम या एका प्रश्नातून निघालं. पहिली बांधणी जत्रेतल्या ‘बुढ्ढी के बाल’सारखी लागत होती: गोड, गुलाबी आणि जागेचा पत्ता नसलेली. इथाइल माल्टॉल कॉन्सन्ट्रेटमध्ये एक-दोन टक्क्यांच्या वर गेलं की शेजारच्या घटकांना झाकून टाकतं. ते हळू उडतं, त्यामुळे ही झाकणी तासन्‌तास टिकते. व्हॅनिलिन त्यात भर घालतं. नाकाला पहिल्या मिनिटाला जे कळतं तेच सहा तासांनीही कळतं. गुऱ्हाळात मात्र वास दर दहा-पंधरा मिनिटांनी पालटत असतो.

आमच्या मते खरी गफलत घटकांच्या निवडीत नव्हतीच. तिनं आठवणीतला पदार्थ घेतला आणि काम वगळलं. लहान मूल गुऱ्हाळात जातं तेव्हा त्याच्या नाकात गुळाच्या ढेपेचा वास क्वचितच भरतो, कारण थंड झालेल्या ढेपेला वास असतो तरी किती! भरतो तो काहिलीखालच्या चुलवाणाचा, मळीचा, रस काढून उरलेल्या ओल्या चिपाडांचा आणि गोणपाटाचा. आठवण धरून ठेवणारे हे वास बहुतेक वेळा ‘छान’ नसतात, आणि परफ्युमर नेमके तेच आधी काढून टाकतो.

गुऱ्हाळात वास कुठून कुठून येतो

या भागात गुऱ्हाळाचा हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. चरकातून पडणारा ताजा रस हिरवट, गवताळ, किंचित खारट वासाचा असतो. तो काहिलीत तापू लागला की वर मळी चढते, हिरवी-काळी आणि फेसाळ. चुन्याची निवळी आणि रानभेंडीचा चिकट रस घातला की ती जमून वर येते आणि झाऱ्यानं काढली जाते. याच टप्प्याला उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा एक वास उठतो. त्याच्या मागे डायमिथाइल सल्फाइड असतं, ३७ अंशांना उकळणारं, अतिशय उडतं संयुग. बाजूला काढून ठेवलेली मळी तासाभरात आंबूस होते आणि तिला पिकलेल्या फळाची, थोडी दारूकडे झुकणारी छटा येते.

पुढे रस आटतो. उतू जाऊ नये म्हणून तेलाचा शिडकावा होतो. १०५ अंशांच्या आसपास काकवी, सुमारे ११८ अंशांना गूळ. पाण्यात थेंब टाकला की गोळी जमते, तेव्हा काहील उतरवतात. या शेवटच्या चढात साखर आणि अमिनो आम्लं यांच्या क्रियेतून खमंग वासांचा थर तयार होतो: माल्टॉल, फ्युरॅनिऑल, सायक्लोटीन आणि अगदी लेशमात्र सोटोलॉन. सोटोलॉन म्हणजे मेथीचा वास देणारं संयुग. उसाच्या कच्च्या साखरेच्या वासातही तेच मुख्य असतं. काकवीत मेथकुटाची पुसट आठवण येते ती याच्यामुळे.

या सगळ्याच्या खाली चुलवाण धगधगत असतं. जळण म्हणून वाळलेली चिपाडं. त्यांचा धूर लाकडाच्या धुरासारखा नसतो. ऊस ही गवताची जात. तिच्या लिग्निनमधून, म्हणजे काष्ठद्रव्यातून, ग्वायाकॉलबरोबर सिरिंगॉलच्या जातीची संयुगंही निघतात, म्हणून धूर गोडसर आणि कोरडा लागतो.

नोंदी करायची तिची पद्धत साधी होती आणि ती इतरांनीही उचलावी अशी आहे. प्रत्येक टप्प्याला झाऱ्यानं थोडा रस काढून १०० मिलिच्या काचेच्या बरणीत घ्यायचा, झाकण लावायचं, हातात धरवेल इतका निवला की झाकण उघडून पहिल्या दोन श्वासांत जे सुचेल ते लिहायचं. भाषा रोजची: उग्र, आंबूस, तुरट, करपट, खमंग, ओलसर. रसायनांची नावं त्या वहीत येऊ द्यायची नाहीत. ती आधीच लिहिली की नाक तेवढंच शोधू लागतं. कोऱ्या कागदी पट्ट्या काहिलीच्या वाफेवर, चुलवाणाच्या तोंडाशी आणि गुळाच्या गोण्यांवर टांगून ठेवल्या आणि नंतर वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करून घरी आणल्या. गोण्यांवरची पट्टी सगळ्यात बोलकी निघाली.

दुसरी बांधणी

खालचं प्रमाण १०० ग्रॅम कॉन्सन्ट्रेटचं आहे. कंसात द्रावणाची ताकद दिली आहे.

हिरवा थर: सिस-३-हेक्सेनॉल (१० टक्के) २ ग्रॅम, डायमिथाइल सल्फाइड (०.१ टक्का) ०.५ ग्रॅम, आल्याचं तेल ०.५ ग्रॅम, फ्युरोकुमारिन काढलेलं बर्गामॉट (लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल) ६ ग्रॅम. उन्हात अंगावर डाग पडू नयेत म्हणून फ्युरोकुमारिन काढलेलंच बर्गामॉट घ्यावं लागतं. डायमिथाइल सल्फाइड जरा जास्त झालं की बाटली उघडताच शिजलेल्या कोबीचा वास येतो. शुद्ध माल घरात उघडूच नये. द्रावण विकत घ्यावं आणि थंड जागी ठेवावं.

मळीसाठी तिनं दवण्याचं तेल वापरलं, आणि ही या प्रकरणातली सगळ्यात अचूक निवड आहे. कर्नाटकात दवण्याची शेती होते. तेलातला मुख्य घटक डॅव्हॅनोन. वास जॅमसारखा, फळकट, थोडा आंबलेला. मळीची आंबूस गोडी याच्याइतकी दुसऱ्या कशातून येत नाही. अडचण एकच. सीमाभागातल्या माणसाला दवणा म्हणजे चैत्रातला जोतिबा किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर. शुद्ध तेल १ ग्रॅम घातलं तेव्हा वास घेणारे सरळ देवळात पोचले. ०.३ ग्रॅमवर, म्हणजे १० टक्के द्रावणाच्या ३ ग्रॅमवर, दवणा ओळखू येईनासा झाला आणि फक्त आंबूसपणा उरला. शिवाय हे तेल प्रत्येकाच्या अंगावर वेगळं उमलतं, तेव्हा कागदी पट्टीवर विसंबून त्याचं प्रमाण ठरवू नये.

खमंग थर: इथाइल माल्टॉल (१० टक्के) ६ ग्रॅम, व्हॅनिलिन (१० टक्के) ४ ग्रॅम, सायक्लोटीन (१० टक्के) ३ ग्रॅम, फ्युरॅनिऑल (१० टक्के) १.५ ग्रॅम आणि सोटोलॉन (०.१ टक्का) ३ ग्रॅम. पहिल्या बांधणीत या कुळातला शुद्ध माल साडेअकरा ग्रॅमच्या घरात होता. आता तो जेमतेम दीड ग्रॅम आहे, आणि तरीही गूळ आता जास्त गुळासारखा वाटतो, कारण त्याच्याभोवती बाकीचं गुऱ्हाळ उभं आहे. सोटोलॉन शुद्ध स्वरूपात फक्त ०.००३ ग्रॅम पडतं. त्याच्या दहापट गेलं की मेथीचे लाडू होतात आणि कपड्यावरून तो वास धुऊनही लवकर जात नाही. मेथी भरपूर खाल्ल्यावर घामाला जो वास येतो तोही सोटोलॉनचाच.

धूर: ग्वायाकॉल (१ टक्का) २.५ ग्रॅम, सिरिंगॉल (१ टक्का) १.५ ग्रॅम, शुद्ध केलेलं केड तेल (१० टक्के) ०.५ ग्रॅम. नुसत्या ग्वायाकॉलवर धूर बांधला की दवाखान्यातल्या औषधाचा वास येतो. सिरिंगॉल घातल्यावर तो चिपाडांच्या बाजूला वळतो. केड आणि बर्च टार यांची कच्ची तेलं वापरायची नाहीत. त्यांत कर्करोगाशी जोडलेली बहुचक्री संयुगं असतात. इफ्राच्या, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, दंडकानुसार शुद्ध केलेलीच तेलं चालतात, आणि ही संयुगं तयार मालात १ पीपीबीच्या (अब्जात एक भाग) वर जाता कामा नयेत. विक्रेत्याकडून तसं प्रमाणपत्र मागून घ्यावं. तो देत नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा.

गोणपाट आणि जमीन: वेटिव्हर ७ ग्रॅम, कुमारिन (१० टक्के) १० ग्रॅम, वाळक्या गवताचं अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे विद्रावकानं काढलेला घट्ट अर्क, (१० टक्के) ३ ग्रॅम, लॅब्डनम (१० टक्के) ३ ग्रॅम, व्हर्जिनिया सिडरवुड ६ ग्रॅम. वेटिव्हर म्हणजे आपला वाळा. त्याची मातकट, मुळांची बाजू इथं गोणीच्या तागासारखी वागते. उरलेलं अंग हेडिओन १४, इसो ई सुपर १५ आणि इथिलीन ब्रासिलेट ८ ग्रॅम यांनी भरलं. हे तिघं स्वतः फारसे बोलत नाहीत, पण बाकीच्यांमध्ये हवा खेळती ठेवतात. ते नसते तर एवढे उग्र घटक एकमेकांच्या अंगावर बसले असते.

द्रावणाचं गणित

दुसरी बांधणी पट्टीवर उत्तम, पण बाटलीतून अंगावर फवारली की तासाभरात ओसरायची. तिनं कॉन्सन्ट्रेट १८ टक्के घातलं होतं, म्हणजे ओ द परफ्युमच्या हिशेबानं पुरेसं. घोटाळा साधा होता. वरच्या १०० ग्रॅममध्ये साडेत्रेचाळीस ग्रॅम पातळ द्रावणं आहेत. त्यांतला खरा सुगंधी माल सुमारे ३.६ ग्रॅम, बाकी नुसता विद्रावक. म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुगंधी माल ६० ग्रॅम. त्याचे १८ टक्के घेतले की बाटलीत पडतो ११ टक्क्यांहूनही कमी.

कॉन्सन्ट्रेट ३० टक्के करून हिशेब जुळतो, पण चाचणीची द्रावणं डायप्रोपिलीन ग्लायकॉल या दाटसर विद्रावकात केलेली असतील तर तयार मालात ते १२ टक्क्यांच्या आसपास जातं. अंगावर चिकटपणा येतो आणि वास आळसावतो. म्हणून उत्पादनाच्या वेळी घन पदार्थ सरळ तोलून घ्यावेत. १ किलोच्या प्रमाणात ६० ग्रॅम द्रावणाऐवजी ६ ग्रॅम इथाइल माल्टॉल, ४० ऐवजी ४ ग्रॅम व्हॅनिलिन, १०० ऐवजी १० ग्रॅम कुमारिन. सोटोलॉन, डायमिथाइल सल्फाइड आणि धुराची दोन संयुगं मात्र द्रावणातूनच घालावीत. इतक्या लेशमात्र वजनाला काटा दगा देतो.

अशा घट्ट कॉन्सन्ट्रेटचे १८० ग्रॅम, ९६ टक्के अल्कोहोल ७७० ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी ५० ग्रॅम. घन पदार्थ आधी हेडिओन आणि थोड्या अल्कोहोलमध्ये कोमट पाण्यावर धरून विरघळवायचे, मग बाकीचे, बर्गामॉट आणि हिरवा थर सगळ्यात शेवटी. पाणी अगदी अखेरीस, थेंबाथेंबानं आणि ढवळत. ते एकदम ओतलं किंवा जास्त झालं की मिश्रण दुधाळ होतं. कॉन्सन्ट्रेट दोन आठवडे, अल्कोहोल घातल्यावर आणखी चार ते सहा आठवडे अंधारात. नंतर ३-४ अंशांवर दोन दिवस ठेवून थंड असतानाच गाळायचं. गरम होऊ दिलं तर जो गाळ काढायचा तोच पुन्हा विरघळतो. एवढ्यातून ५० मिलिच्या साधारण २२ बाटल्या भरतात.

गुलाबी रंग

एका टप्प्यावर तिनं खरा गूळ आत आणायचा प्रयत्न केला. चांगला सेंद्रिय गूळ किसून अल्कोहोलमध्ये भिजत घातला. साखर तीव्र अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे तळाशी चिकट गोळा आणि वर फिकट तपकिरी पाणी. वास अगदी मंद. तो अर्क बांधणीत घातल्यावर काही दिवसांत बाटली गुलाबी-लाल दिसू लागली. कारण लोह. गुळात लोह असतंच आणि इथाइल माल्टॉल लोहाच्या लेशाशीसुद्धा जुळून लाल रंग धरतं. लोखंडी चमचा किंवा गंजलेलं झाकणही हेच करतं. अर्क काढून टाकला आणि सगळी भांडी काचेची केली, तेव्हा हा रंग थांबला. बाटलीवर ‘खऱ्या गुळाचा अर्क’ लिहिता आलं असतं तर विक्रीला बरं पडलं असतं हे खरं, पण वासाला काहीच न देणारा आणि रंग बिघडवणारा घटक केवळ लेबलासाठी ठेवू नये. ती योग्य वागली.

व्हॅनिलिनमुळे येणारा फिकट पिवळा-तपकिरी रंग वेगळा. तो हळूहळू गडद होत जातोच. या सुगंधाला तो शोभतो, तेव्हा तो लपवायला कृत्रिम रंग घातला नाही.

चाचणी कुणावर घ्यायची

पहिल्या वेळी चुकीच्या माणसांना चुकीचा प्रश्न विचारला गेला होता. “आवडला का?” या प्रश्नाला लोक गोड वासाला होच म्हणतात. दुसऱ्या वेळी दोन गट केले: गुऱ्हाळाजवळ वाढलेले आणि गुऱ्हाळ कधीच न पाहिलेले. बाटल्यांवर फक्त तीन आकडी खुणा. प्रश्न दोनच. हा वास कुठल्या जागेचा? तिथं आत्ता काय चाललंय?

पहिल्या गटाला दुसरी बांधणी लगेच लागली. कुणी चुलवाण म्हटलं, कुणी थंडीतली पहाट. दुसऱ्या गटाला गूळ ओळखता आला नाही, पण शेत, धूर, कापणी, गोठा असं काहीतरी खेडवळ त्यांना दिसलं. आमच्या दृष्टीनं हाच निकाल महत्त्वाचा. स्मृतिगंध ज्याची आठवण आहे त्याला नेमका पटला पाहिजे आणि ज्याची नाही त्याला निदान एखाद्या जागी नेऊन सोडलं पाहिजे. पहिली बांधणी दोन्ही गटांना फक्त मिठाईच्या दुकानात नेत होती.

अंगावरची चाचणी लावल्याबरोबर, पाव तासानं, तासानं, चार आणि आठ तासांनी. एका वेळी दोनपेक्षा जास्त नमुने नाहीत, कारण धुराची संयुगं नाक लवकर थकवतात. बेळगावच्या गारव्यात उत्तम वाटणारा नमुना मे महिन्यात चिकोडी-अथणीकडच्या उन्हात जड पडतो, म्हणून उन्हाळ्यात पुन्हा चाचणी घेऊन व्हॅनिलिन आणखी थोडं उतरवायचं तिनं राखून ठेवलं आहे.

अत्तराची आवृत्ती आणि डिसेंबर

खडेबाजारातल्या अत्तराच्या दुकानांतून बिनअल्कोहोलचा माल मागितला जातो, म्हणून तीच बांधणी अल्कोहोलऐवजी तेलात उतरवली. सप्टेंबरात ती स्वच्छ होती. डिसेंबरच्या थंड रात्रींत कुप्यांच्या तळाशी सुयांसारखे स्फटिक बसले. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे, हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच गार. इथाइल माल्टॉल, व्हॅनिलिन आणि कुमारिन हे तिन्ही घन पदार्थ अल्कोहोलमध्ये सहज राहतात, तेलात फार कमी.

कुपी कोमट पाण्यात धरली की स्फटिक विरघळतात, पण गिऱ्हाईक तसं करत बसणार नाही. उपाय असा निघाला: इथाइल माल्टॉलच्या जागी माल्टिल आयसोब्युटिरेट. हे द्रवरूप असतं आणि तेलात मिसळतं. वास थोडा जॅमकडे झुकतो, म्हणून दवणा आणखी कमी केला. व्हॅनिलिनऐवजी त्याच्या निम्म्याहून कमी इथाइल व्हॅनिलिन आणि कुमारिन अर्धं. त्यानंतर प्रत्येक खेप आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून, तळ पाहूनच कुपीत भरली जाते.

बाकीचे दोन सुगंध

वखारीच्या सुगंधात तोच धडा लवकर कामी आला. बाजारातले तयार तंबाखू-अकॉर्ड, म्हणजे तंबाखूच्या वासाची तयार मिश्रणं, पाइपच्या तंबाखूवर बेतलेले असतात: मध, चेरी, व्हॅनिला. निपाणीच्या वखारीतला विडीचा तंबाखू कोरडा, धुळीचा आणि शिंक आणणारा. तिथं गोडी जवळजवळ शून्य ठेवून वाळकं गवत, सिडर आणि काळ्या मिरीच्या तेलावर काम भागलं. तंबाखूचं अ‍ॅब्सोल्यूट घेताना निकोटिन काढलेलंच घ्यावं.

कौलांवरच्या पावसासाठी जिओस्मिन. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंचं हे संयुग माणसाच्या नाकाला कल्पनेपलीकडे कमी प्रमाणात कळतं. ०.१ टक्का द्रावणाचे काही थेंब पुरतात. जास्त झालं की बीटरूटचा वास येतो, कारण बीटचा मातकट वासही याचाच. खानापूर भागातल्या कौलांचा भाजलेपणा त्यातून येत नाही. त्यासाठी भाजक्या मातीच्या चकत्या चंदनाच्या तेलावर ऊर्ध्वपातित करून केलेलं कन्नौजचं मिट्टी अत्तर थोडं वापरावं लागलं.

परवाना, लेबल आणि पार्सल

घरी केलेला सुगंध परस्पर विकता येत नाही. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार उत्पादनाला परवाना लागतो. स्वतःच्या जागेसाठी सीओएस-५ हा अर्ज आणि सीओएस-८ हा परवाना. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपल्या नावानं करून घ्यायचं तर सीओएस-६ नं अर्ज आणि सीओएस-९ परवाना. तिनं दुसरा मार्ग धरला. जागा, तांत्रिक माणूस आणि अल्कोहोलचे अबकारी कागद या तिन्ही गोष्टी एकट्या माणसाला एकदम पेलत नाहीत. सूत्र जपायचं म्हणून ती सूक्ष्म घटकांचं मिश्रण स्वतः तोलून पाठवते. मात्र त्यातल्या घटकांची यादी कारखान्याला द्यावीच लागते.

लेबलावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ मिलि, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क. कर्नाटकात तयार झालेल्या मालावर नाव आणि वापराच्या सूचना कन्नडमध्येही हव्यात, २०२२ च्या राज्य कायद्यात तशी तरतूद आहे. तिनं कन्नड, मराठी आणि इंग्रजी असं तिन्ही ठेवलं. अक्षरं बारीक झाली तेव्हा सूचना कमी न करता खोक्याचा आकार वाढवला.

निपाणीपासून कागल हाकेच्या अंतरावर असलं तरी ते दुसरं राज्य. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. सुगंधावर दर १८ टक्के. अल्कोहोलचा सुगंध वाहतुकीच्या दृष्टीनं ज्वलनशील माल आहे, यूएन १२६६, वर्ग ३. नेहमीच्या कुरिअरनं विमानातून जाऊ शकत नाही. रस्त्यानं जाणारी सेवा निवडून तसं आधी सांगावं लागतं. अत्तराच्या कुप्यांना ही अडचण बरीच कमी, म्हणून लांबच्या गिऱ्हाइकांना ती आधी अत्तरच सुचवते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डायमिथाइल सल्फाइड इतकं उडतं आहे की अर्धी रिकामी झालेली बाटली काही महिन्यांनी फवारली की काहिलीतला तो कणसाचा वास गेलेला असतो आणि सुगंध थेट धुरापासून सुरू होतो. प्रमाण वाढवलं तर नवी बाटली कोबीसारखी लागते. तूर्त तिनं ५० मिलिची बाटली बंद करून १० आणि ३० मिलिच्या बाटल्या ठेवल्या आहेत, म्हणजे बाटलीतली मोकळी हवा कमी राहते आणि वास शिळा व्हायच्या आत माल संपतो.